तुंबलेली आणि गळणारी: लघवीवरच्या साधनांची पार्श्वभूमी

खोकताना, शिंकताना, हसताना नकळत लघवी होणं किंवा लागली की दोन मिनिटंही धीर न निघणं, या तक्रारीवर आज पॅडपासून शरीरात बसवायच्या पंपापर्यंत बरंच काही मिळतं. या साधनांचं मूळ शोधत मागे गेलं, की ती बहुतेक उलट्याच कामासाठी जन्मल्याचं दिसतं. वैद्यांनी शतकानुशतकं डोकं लढवलं ते तुंबलेल्या लघवीला वाट करून देण्यासाठी. कारण उघड होतं. लघवी तुंबली तर माणूस दगावतो. गळली तर ओशाळतो, आणि ओशाळलेला माणूस वैद्याकडे जातोच असं नाही.

सुश्रुतसंहितेत मूत्रमार्गात घालायच्या नळ्यांचं वर्णन आहे. पाँपेईच्या अवशेषांत दुहेरी वळणाच्या धातूच्या नळ्या सापडल्या. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने मूतखड्याने हैराण झालेल्या जॉन या भावासाठी चांदीची लवचिक नळी घडवून घेतली. नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, काढून घ्यायची, एवढंच या नळ्यांचं काम.

गळतीच्या बाजूला मात्र बांधणं आणि दाबणं यापलीकडे फारसं काही नव्हतं. पुरुषांसाठी पट्टे आणि चिमटे होते. स्त्रियांसाठी पेसरी, म्हणजे योनीत बसवायचा आधार. प्राचीन ग्रीक वैद्य त्यासाठी चक्क अर्धं डाळिंब वापरत. पण तीही मुळात खाली उतरलेलं गर्भाशय सावरण्यासाठी होती. सर्वांत भीषण गळती अडलेल्या बाळंतपणातून व्हायची. मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडून लघवी रात्रंदिवस ठिबकत राही. अमेरिकेत जे. मॅरियन सिम्सने १८४०च्या दशकात त्यावर शस्त्रक्रिया बसवली. चांदीच्या तारेचे टाके आणि जखम भरेपर्यंत आत टिकणारी वळणदार नळी ही त्याची साधनं. ती सिद्ध झाली गुलाम स्त्रियांच्या देहांवर, भूल न देता, वारंवार. अनार्का, बेट्सी आणि लुसी ही त्यातल्या तिघींची नावं. साधनांच्या इतिहासात ती सिम्सच्या नावाआधी यायला हरकत नाही.

१८४४ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचं पेटंट मिळालं आणि पुढे फ्रान्समध्ये नेलातों या शल्यविशारदाने मऊ रबरी नळी रूढ केली. आत राहणारी आणि न निसटणारी नळी हवी होती; ती १९३०च्या दशकात फ्रेडरिक फोली या अमेरिकी डॉक्टरच्या नावाने आली. टोकाचा छोटा फुगा मूत्राशयात फुगवला की नळी जागची हलत नाही. फोलीला ती हवी होती प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दाबण्यासाठी. पेटंटच्या झगड्यात तो हरला, पण नाव त्याचंच राहिलं.

या नळीने, म्हणजे फोली कॅथेटरने, अंथरूण कोरडं ठेवलं आणि जंतूंना कायमचा रस्ता दिला. नळीचं दुसरं टोक उघड्या बाटलीत सोडलेलं असे, तेव्हा चारेक दिवसांत जवळपास प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडत. १९६०च्या दशकात बाटलीऐवजी नळीला जोडलेली बंद पिशवी रूढ होऊ लागल्यावर संसर्ग लांबला, टळला नाही.

माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण एका साध्या नळीचंच आहे. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी डॉक्टर लुडविग गुटमन यांनी ब्रिटनमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात ठरावीक वेळाने निर्जंतुक नळी घालून मूत्राशय रिकामं करण्याची पद्धत बसवली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी त्यातली ‘निर्जंतुक’ ही अटच काढली. हात धुवा, नळी स्वच्छ ठेवा, स्वतः घाला. ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्त कमी पोचतं आणि संसर्ग तिथे फावतो, म्हणून नळीच्या निर्जंतुकतेपेक्षा वेळेवर रिकामं करणं महत्त्वाचं, हा त्यांचा तर्क. तेव्हा तो अनेकांना पटला नाही, पण मूत्राशय नीट रिकामं न होता ओसंडून गळणाऱ्या असंख्य रुग्णांची त्यामुळे पिशवीतून सुटका झाली.

त्याच सुमारास अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ ब्रँटली स्कॉट आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम झडप शरीरात बसवली. आजच्या रूपात मूत्रमार्गाभोवती द्रवाने फुगलेला कफ, म्हणजे मूत्रमार्ग आवळून धरणारा पट्टा, असतो, पोटात दाब राखणारा फुगा आणि पुरुषांच्या बाबतीत अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप. पंप दाबला की कफ सैलावतो, लघवी होते, आणि काही मिनिटांत कफ आपोआप पुन्हा भरतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या तीव्र गळतीवर आजही तिचा मोठा आधार आहे.

संख्येने जास्त त्रस्त असलेल्या स्त्रियांकडे लक्ष उशिरा गेलं. १९४८ मध्ये अर्नोल्ड केगल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला, तोही दाब मोजणाऱ्या यंत्रासह. व्यायाम उरला, यंत्र मागे पडलं. १९९६ मध्ये उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाखाली पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या जाळीदार पट्टीची झोळी बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. बहुतेकींना गुण आला. काहींच्या शरीरात मात्र पट्टी योनीत उघडी पडली, वेदना कायमच्या जडल्या आणि पट्टी पूर्ण काढणंही अवघड ठरलं. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडने अशा जाळीचा वापर, काटेकोर अपवाद ठेवून, थांबवला. या प्रकरणाच्या चौकशीच्या २०२० च्या कंबरलेज अहवालाने स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षं उडवून लावल्याचं नोंदवलं. जाळी थांबल्यावर तिथले शल्यविशारद पुन्हा जुन्या शस्त्रक्रियांकडे वळले. त्यातल्या एकीत झोळीची पट्टी रुग्णाच्या स्वतःच्याच पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणातून कापून घेतात.