पाण्यावरून उडायला शिकवणारं विमान

जपानी नौदलासाठी कावानिशी कंपनीची एच८के ही चार इंजिनांची उडती नौका, म्हणजे नावेसारखं बूड असलेलं, पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान, आकार घेत होती. तिचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३८ मीटर लांब. एवढं धूड थेट नवशिक्याच्या हाती द्यायचं कसं? त्यासाठी आइची कंपनीने दोन इंजिनांची छोटी उडती नौका बांधली, एच९ए. सप्टेंबर १९४० मध्ये ती पहिल्यांदा उडाली. नेहमीच्या पाच जणांखेरीज तीन शिकाऊ आत बसत.

हवेत गेल्यावर उडती नौका इतर विमानांसारखीच. खरी परीक्षा पाणी सोडताना आणि पुन्हा पाण्यावर टेकताना.

नळाच्या धारेला चमच्याची फुगीर बाजू हलकेच लावून बघा. चमचा बाहेर ढकलला जात नाही, उलट धारेत ओढला जातो. नौकेचं बूड मागच्या बाजूला वर वळत जातं, आणि वेगाने वाहणारं पाणी त्या वळणाला असंच चिकटून विमानाला धरून ठेवतं. म्हणून बुडाला आडवी पायरी ठेवतात. तिथे पाणी बुडापासून सुटतं, मागच्या पोकळीत हवा शिरते आणि वेग वाढला की नौका पाणी कापायचं सोडून त्यावरून घसरू लागते.

घसरतानाही नाक किती वर ठेवायचं हे अचूक सांभाळावं लागतं. कोन चुकला तर नौका डॉल्फिनसारखी उसळ्या मारायला लागते आणि प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होऊ शकते. उतरताना वेगळंच संकट. समुद्र आरशासारखा शांत असेल तर पाणी नेमकं किती खाली आहे ते डोळ्यांना कळतच नाही. थोड्या लाटा असलेल्या बऱ्या! हे सगळं पुस्तकातून येत नाही, हाताला सवयच लागावी लागते.

आणि नेमकी इथेच एच९ए सुरुवातीला कमी पडली. वेग कमी झाला की ती नीट ताब्यात राहत नसे, उतरायला अवघड जाई. नवशिक्यांच्या विमानात याहून वाईट खोड कुठली असणार? अभियंत्यांनी पंखांचं क्षेत्रफळ वाढवलं, त्यांच्या मागच्या कडेच्या झडपा बदलल्या, आणि मगच नौदलाने ती स्वीकारली. शेवटी तयार झालेल्या विमानांचे पंख २४ मीटरचे होते.

अशी अवघी ३१ विमानं बनली. पुढे दुसरं महायुद्ध जपानच्या किनाऱ्याजवळ सरकलं, तेव्हा शिकवण्यासाठी बांधलेली हीच विमानं पाणबुड्यांच्या शोधात गस्तीवर धाडण्यात आली.