कॅल्साइट आणि अ‍ॅरॅगोनाइट यांच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

कॅल्साइट आणि अ‍ॅरॅगोनाइट ही दोन्ही खनिजं रासायनिकदृष्ट्या कॅल्शियम कार्बोनेटच. कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण दोन्हींत तेच. तरीही कॅल्साइटची घनता २.७१ आणि अ‍ॅरॅगोनाइटची २.९३. कॅल्साइट तीन दिशांना आरशासारखा गुळगुळीत फुटतो, अ‍ॅरॅगोनाइट तसा फुटत नाही. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते. मात्र या फरकाचं कारण शोधण्यात स्फटिकशास्त्राची शंभराहून अधिक वर्षं गेली, आणि तो इतिहास माहीत असला की कार्बोनेट खनिजांची आजची वर्गवारी पाठ करावी लागत नाही.

सुरुवात आइसलँडपासून. तिथे पूर्व किनाऱ्याजवळ हेल्गुस्ताडिर इथे कॅल्साइटचे मोठाले पारदर्शक स्फटिक मिळत. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी त्यांच्याविषयी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलं. कागदावरच्या ठिपक्यावर हा स्फटिक ठेवला की ठिपके दोन दिसतात, आणि स्फटिक जागच्या जागी फिरवला की एक ठिपका स्थिर राहतो, दुसरा त्याच्याभोवती फिरतो. क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६९० मध्ये प्रकाशाच्या तरंग सिद्धांतातून या दुहेरी अपवर्तनाचा हिशेब मांडला. स्फटिक सूक्ष्म, चपट्या गोलकांच्या नियमित रचनेतून बनलेला असावा, अशी कल्पनाही त्यांनी केली होती. अणूंचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी हे सुचावं, याचं मला आजही नवल वाटतं.

रसायनाची बाजू एडिंबरामध्ये उलगडली. जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची कार्बोनेटं तापवून, वजनं करून दाखवलं की त्यांतून एक वायू निघून जातो आणि त्यामुळेच वजन घटतं. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. शुद्ध कॅल्साइटच्या १०० ग्रॅममधून ४४ ग्रॅम वायू जातो आणि ५६ ग्रॅम चुनकळी उरते.

फ्रान्समध्ये रने-जुस्त आयुई यांनी कॅल्साइटच्या फुटण्यालाच सिद्धांताचा पाया केलं. स्फटिक बाहेरून सुळक्यासारखा असो, चपटा असो की षट्कोनी खांबासारखा, तो फोडला की आतून त्याच तिरप्या ठोकळ्यासारखे तुकडे निघतात. ते आणखी फोडले तरी शेजारच्या पृष्ठांमधला कोन बदलत नाही. स्वीडनच्या टोर्बर्न बर्गमान यांनीही आधी, १७७३ मध्ये, असा विचार मांडला होता. आयुई यांनी १७८४ मध्ये त्याला गणिताची चौकट दिली आणि पुढे एक ठाम नियम सांगितला: प्रत्येक पदार्थाचा मूळ ठोकळा ठरलेला असतो. पदार्थ तोच असेल तर ठोकळाही तोच.

या नियमाला अ‍ॅरॅगोनाइट आडवं आलं. हे नाव जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर यांनी १७९७ मध्ये स्पेनमधल्या मोलिना दे आरागोन या गावावरून दिलं. त्याआधीच, १७८८ मध्ये, बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यांच्या विश्लेषणात ते कॅल्शियम कार्बोनेट ठरलं होतं. पण त्याचे कोन कॅल्साइटच्या ठोकळ्यातून काही केल्या निघेनात. आयुई यांचा कल रसायनशास्त्रज्ञांच्या नजरेतून काहीतरी निसटलं असावं, असं मानण्याकडे होता. फ्रान्सच्याच बिओ आणि थेनार या शास्त्रज्ञांनी फेरतपासणी केली; दोन्ही खनिजांचे घटक तेच निघाले. मग १८१३ मध्ये ग्योटिंगेनच्या श्ट्रोमायर यांना अ‍ॅरॅगोनाइटमध्ये थोडं स्ट्रॉन्शियम सापडलं आणि नियम तरला असं वाटलं: हा परका घटकच अ‍ॅरॅगोनाइटला वेगळा आकार देत असणार! हे समाधान टिकलं नाही. स्ट्रॉन्शियमचं प्रमाण नमुन्यागणिक बदलत होतं, आणि काही नमुन्यांत ते सापडतच नव्हतं.

दुसरा धक्का लंडनहून आला, आणि माझ्या मते तो अधिक सुंदर आहे. विल्यम हाइड वोलस्टन यांनी १८०९ मध्ये परावर्तनावर चालणारा कोनमापक तयार केला. स्फटिकाच्या एका पृष्ठावरून प्रकाशाचं प्रतिबिंब नजरेत धरायचं, स्फटिक फिरवत न्यायचा, आणि शेजारच्या पृष्ठावरून तेच प्रतिबिंब नेमकं त्याच जागी आलं की चकतीवरचा आकडा वाचायचा. त्यामुळे कोन मिनिटांपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, मोजता येऊ लागला. १८१२ मध्ये त्यांनी तीन खनिजांचे आकडे दिले: कॅल्साइट १०५ अंश ५ मिनिटं, मॅग्नेशियमयुक्त डोलोमाइट १०६ अंश १५ मिनिटं, लोहयुक्त सिडेराइट १०७ अंश. आधीच्या, हाताने लावायच्या कोनमापकाला हे तिन्ही जवळपास सारखेच वाटत. म्हणजे धातू बदलला तरी ठोकळ्याची घडण तीच राहते, कोन मात्र किंचित सरकतो.

या दोन्ही कोड्यांना जर्मनीच्या आइलहार्ट मिचरलिश यांनी नाव आणि नियम दिले. १८१९ मध्ये त्यांनी समरूपता मांडली: वेगवेगळे पण रासायनिकदृष्ट्या जवळचे पदार्थ एकाच घडणीचे स्फटिक बनवू शकतात. पुढच्या काही वर्षांत त्यांनी उलट बाजूही दाखवली: एकच पदार्थ दोन घडणींत स्फटिकरूप घेऊ शकतो. गंधकाची दोन रूपं त्यांनी प्रयोगात मिळवली, आणि अ‍ॅरॅगोनाइट हा अपवाद न राहता उदाहरण झालं. १८३० च्या दशकात गुस्टाफ रोझे यांनी द्रावणातून थंड स्थितीत कॅल्साइट आणि गरम स्थितीत अ‍ॅरॅगोनाइट तयार करून दाखवलं. स्ट्रॉन्शियमची गरज नव्हतीच.

‘असं होतं’ हे कळलं. ‘का होतं’ हे कळायला क्ष-किरण लागले. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१४ मध्ये कॅल्साइटची अणुरचना उलगडली. मिठाच्या स्फटिकाचा घन एका कर्णाच्या दिशेने दाबून चपटा केला, सोडियमच्या जागी कॅल्शियम आणि क्लोरिनच्या जागी कार्बोनेट गट ठेवला, की स्थूलमानाने कॅल्साइट मिळतो. कार्बोनेट गट हा सपाट त्रिकोण असतो: मध्ये कार्बन, तीन कोपऱ्यांवर ऑक्सिजन. कॅल्साइटमध्ये हे सारे त्रिकोण एकमेकांना समांतर पडलेले असतात. प्रकाशाची कंपनं त्या त्रिकोणांच्या प्रतलात असतील तर अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) १.६५८, प्रतलाला लंब असतील तर १.४८६. बार्थोलिन यांच्या दोन ठिपक्यांचं मूळ इथे आहे. अ‍ॅरॅगोनाइटची रचना ब्रॅग यांनीच १९२४ मध्ये सोडवली.

दोन रचनांमधला कळीचा फरक धातूच्या आयनाभोवतीच्या (विद्युतभारित अणूभोवतीच्या) जागेत आहे. कॅल्साइटमध्ये प्रत्येक कॅल्शियमला सहा ऑक्सिजन भिडतात, अ‍ॅरॅगोनाइटमध्ये नऊ. मॅग्नेशियम, लोह, जस्त, मँगनीज हे लहान आयन सहांच्या घरात नीट बसतात; म्हणून मॅग्नेसाइट, सिडेराइट, स्मिथसोनाइट, ऱ्होडोक्रोसाइट ही कॅल्साइटची भावंडं. स्ट्रॉन्शियम, बेरियम, शिसं हे मोठे आयन. त्यांना नऊ ऑक्सिजन लागतात, म्हणून स्ट्रॉन्शियनाइट, विदराइट आणि सेरुसाइट अ‍ॅरॅगोनाइटच्या गटात. सुमारे १ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) त्रिज्येचा कॅल्शियम नेमका सीमेवर आहे. तो दोन्हीकडे जातो. दाब वाढला की दाट असलेलं अ‍ॅरॅगोनाइट स्थिर ठरतं. सामान्य दाबाखाली स्थिर रूप कॅल्साइटचं, तरी मॅग्नेशियमयुक्त समुद्राच्या पाण्यातून अ‍ॅरॅगोनाइट सहज तयार होतं, कारण मॅग्नेशियम कॅल्साइटची वाढ रोखतो.

आता श्ट्रोमायर यांच्याकडे पुन्हा पाहावं. त्यांचं विश्लेषण बरोबर होतं. स्ट्रॉन्शियममुळे अ‍ॅरॅगोनाइटची रचना घडते, हा अर्थ चुकला; अ‍ॅरॅगोनाइटची ऐसपैस जागा मोठ्या स्ट्रॉन्शियमला सामावून घेते, म्हणून तो तिथे सापडतो. प्रवाळांचे सांगाडे अ‍ॅरॅगोनाइटचे असतात, आणि त्यांतलं स्ट्रॉन्शियमचं कॅल्शियमशी असलेलं प्रमाण मोजून आज जुन्या समुद्राच्या तापमानाचा अंदाज बांधला जातो.

डोलोमाइटचा प्रश्न मात्र बराच काळ रेंगाळला. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे थर आलटून पालटून येतात. जुन्या खडकांत ते अमाप आहे, पण सामान्य तापमानाला प्रयोगशाळेत बनत नव्हतं. लिंटन लँड यांनी ३२ वर्षं चाललेल्या प्रयोगाचं अपयश १९९८ मध्ये प्रामाणिकपणे प्रसिद्ध केलं. अडचण क्रमाची होती. द्रावणातले आयन चुकीच्या जागी बसतात आणि पुढची वाढ अडते. २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांच्या गटाने हे चुकीचे आयन अधूनमधून विरघळवून काढण्याचा मार्ग दाखवला. त्यासाठी दोन तासांत, हे आयन विरघळवणारे इलेक्ट्रॉन शलाकेचे ४००० झोत दिल्यावर स्फटिक सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे जवळपास ३०० थर वाढला. त्याआधी प्रयोगशाळेत पाचांपुढे थर गेले नव्हते.