रंगाखालचं मीठ

कोकणात जुनी गाडी बघायला जाणार असाल तर खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. त्याला फडकं गुंडाळा, म्हणजे मालकाच्या देखत रंगावर ओरखडा उठायचा नाही. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि रनिंग बोर्ड, म्हणजे दारांखालची पत्र्याची पट्टी, यांवर ते फिरवून बघा. चांगल्या पत्र्याला चुंबक चटकन चिकटतं. जिथे ते ढिलं पडून घसरतं, तिथे रंगाखाली पत्रा थोडा आणि पुट्टी जाड आहे असं समजायला हरकत नाही. पुट्टी असणं हा काही गुन्हा नव्हे, छोट्या पोच्यावर ती चालते. पण ती भरण्याआधी पत्र्यावरचं मीठ कुणी काढलं होतं का? चुंबकाला हे कळत नाही, आणि नव्याने रंगवलेली गाडी एखाद-दोन पावसाळ्यांत फोड येऊन फुगते ती बहुधा याच कारणाने.

गंजणं ही खरं तर विजेची करामत आहे. पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी पोचतात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांना स्वीकारतात. विजेचं हे मंडल (सर्किट) पूर्ण व्हायला या दोन जागांमध्ये ओलावा हवा. निव्वळ पाणी विजेला फारशी वाट देत नाही, खारं पाणी मात्र सताड दार उघडतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की फेसातले बुडबुडे फुटून बारीक तुषार उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. किनाऱ्यापासून दूर जावं तसा हा मारा झपाट्याने उतरतो, म्हणून मालवण किंवा हर्णैला बंदराजवळ उभी राहिलेली गाडी आणि कणकवलीची गाडी यांचं वय फक्त कागदावर सारखं असतं. पत्र्यावर बसलेलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. शुद्ध सोडियम क्लोराइडला त्यासाठी सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागतं, आणि किनाऱ्यावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे हाताला कोरडा लागणारा पत्राही मिठाखाली ओलाच असतो.

मग सगळ्यात जास्त पाऊस झेलणारं छप्पर सगळ्यात आधी का सडत नाही? एक कारण साधं आहे: पाऊस छप्पर धुऊन काढतो. दुसरं कारण जरा उलटं वाटेल असं आहे. केंब्रिजमधले गंजाचे अभ्यासक यूलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यात त्यांनी रंग बदलणारी दोन द्रव्यं मिसळली होती. लोखंड विरघळेल तिथे निळा रंग येणार आणि ऑक्सिजन वापरला जाईल तिथे गुलाबी. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी झाली आणि मधला भाग निळा. कडेला हवा सहज पोचते, मध्ये कमी पोचते, आणि खाल्लं जातं ते मधलंच लोखंड. ऑक्सिजन एकीकडे खर्च होतो, खड्डा दुसरीकडे पडतो.

हा थेंब डोक्यात ठेवून गाडीकडे पाहिलं की गंजाच्या जागा आपोआप दिसू लागतात. दाराच्या रबर बीडिंगखाली, एकमेकांवर दाबून स्पॉट वेल्डिंग केलेल्या पत्र्यांच्या सांध्यात, मडगार्डच्या आत थापल्या गेलेल्या चिखलामागे. आपल्याकडचा चिखल तर जांभ्याचा. जांभा लाल दिसतो तो लोखंडाच्या ऑक्साइडांमुळे, म्हणजे रंगाने आणि कुळाने तो गंजाचा सख्खा भाऊ. गाडीखाली वाकून बघणाऱ्याला माती कुठली आणि गंज कुठला ते उमगत नाही, म्हणून आधी तळ धुऊन घ्यावा आणि मगच सौदा बोलावा. विकणारा धुवायला नको म्हणत असेल तर काय ते समजून जावं. डिकीतलं स्टेपनीचं खोलगट घर तर चटई उचलून बघायलाच हवं. ज्या गाडीने मासळीच्या पेट्या वाहिल्या आहेत, तिच्या त्या खोलगट्यात बर्फाचं खारं पाणी साचलेलं असतं.

आता दुरुस्ती. वायर ब्रशने घासून, रेड ऑक्साइड मारून, वर रंग चढवला की काम झालं अशी समजूत सगळीकडे आहे. रेड ऑक्साइडमधला लाल रंग हा स्वतःच लोखंडाचा ऑक्साइड असतो. तो झाकण घालतो, गंज मारत नाही. गंज रोखण्यासाठी झिंक फॉस्फेटसारखी द्रव्यं असलेला प्रायमर हवा. पण प्रायमरही नंतरची बाब. गंजाच्या खड्ड्यांत शिरलेला मिठातला क्लोराइड या क्रियेत खर्च होत नाही. लोखंडाबरोबर त्याचं संयुग बनतं, ते ऑक्सिजनमुळे मोडून गंज बनतो आणि क्लोराइड पुन्हा मोकळा होतो, पुढचं लोखंड खायला. वर रंग असला तरी हे थांबत नाही, कारण रंगाचा थर पाण्याची वाफ थोडी थोडी आत सोडतोच. आतलं मीठ ते पाणी ओढतं, दाब वाढतो आणि फोड उठतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जास्त जागा लागते, त्यामुळे रंग आतून उचलला जातो.

म्हणून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, मग भरपूर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, पुन्हा घासावा, पुन्हा धुवावा. गोड्या पाण्याने, हे मुद्दाम सांगतो. खाडीकाठच्या मचूळ विहिरीच्या पाण्याने पॉलिश पेपर चालवला तर मीठ आपणच आत भरतो. खड्ड्यांत राहिलेल्या पातळ, घट्ट गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावता येतो. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असतं. विळीवर केळफूल चिरताना पातं काळं पडतं, त्याच जातीचं काळं लोहसंयुग टॅनिनमुळे इथे तयार होतं. मात्र पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर कन्व्हर्टर ओतणं म्हणजे पैसे ओतणं. आणि पुट्टी उघडी ठेवू नये. ती सच्छिद्र असते, दमट हवेत पाणी पिऊन बसते आणि नंतर ते पत्र्याला देते.

वेळेचा घोळ याहून मोठा. गणपतीला चाकरमानी यायच्या आधी गाडी चमकली पाहिजे म्हणून श्रावणात पेंटरकडे रांग लागते, आणि रंगाला याहून वाईट महिना नाही. थिनर उडून जाताना पत्रा गार होतो, भरलेल्या हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग धुरकट पांढरा पडतो. रंग कडक व्हावा म्हणून मिसळतात त्या हार्डनरमधला आयसोसायनेट तर पाण्याशी प्रक्रिया करून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे करतो आणि रंगात टाचणीएवढी भोकं राहतात. फुफ्फुसांनाही तो घातक आहे, रुमाल बांधून भागत नाही. घाई नसेल तर दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचा काळ बरा.

उन्हाने निस्तेज झालेला रंग हा वेगळा आणि किरकोळ विषय. कंपाउंडने घासून चमक येते, पण रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० मायक्रॉनचाच असतो. दरवर्षी घासलात तर तो संपतो.

पावसाआधी तळाला जळकं ऑइल मारायची पद्धत मला समजते, ते पाणी अडवतं. पण रबरी बुश खराब होतात आणि पहिल्याच पावसात ऑइल अंगणात, तिथून विहिरीकडे जातं. त्यापेक्षा मेणाचं कोटिंग घ्यावं. बॅटरीला जोडायची गंजरोधक यंत्रंही मिळतात. जहाजाच्या तळाला जोडलेले जस्ताचे ठोकळे काम करतात, कारण ठोकळा आणि तळ दोन्ही समुद्रात बुडालेले असतात. गाडीभोवती हवा असते आणि हवेतून गंज रोखणारा विजेचा प्रवाह जात नाही, म्हणून ते पैसे वाचवा.

रनिंग बोर्डचा किंवा सस्पेन्शनच्या जोडाजवळचा पत्रा स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर आत जात असेल तर मात्र ते रंगाचं काम राहत नाही. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा रंग जळतो, जस्ताचा थर असेल तर तोही जातो, आणि तिथे ब्रश पोचत नाही. अशा वेळी पत्रा थंड झाल्यावर पाणी निघायच्या भोकांतून नळी घालून आत मेण फवारायला सांगा, आणि नंतर ती भोकं मोकळी आहेत ना ते तारेने तपासा.