एसव्हीपी-२४ आणि यूएमपीके एकाच पोत्यात घालणं बंद करा आता

रशियन बॉम्बहल्ल्याचा कुठलाही व्हिडिओ आला की खाली कोणीतरी लिहितंच, "रशियाने सिरियातच साधे बॉम्ब स्मार्ट करून दाखवले होते, युक्रेनमध्ये तेच किट वापरतायत." नाही हो, सिरियात जे होतं ते बॉम्बचं किट नव्हतंच. तिथे एसव्हीपी-२४ बसवून विमान अपग्रेड झालं होतं, बॉम्ब होता तसाच, ठार आंधळा. बॉम्बला लावायचं किट म्हणजे युक्रेनमधलं यूएमपीके. दहा वेळा सांगून झालं तरी अकराव्याला परत तेच, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

सारखं काय आहे ते पटकन उरकू. दोन्हीकडे बॉम्ब सोव्हिएत घराण्यातलाच, फॅब-५०० एम-६२ वगैरे (फॅब म्हणजे साधा स्फोटक बॉम्ब, पुढचा आकडा किलोचा), ज्याची गोदामं भरून पडलेली. दोन्हीकडे ग्लोनास वापरतात, म्हणजे रशियाचं जीपीएस. आणि दोन्हीचा हेतू एकच, की महागडे गाइडेड बॉम्ब न वापरता काम भागवायचं. झालं, साम्य संपलं.

आता खरी गोम. एकच प्रश्न विचारा: बॉम्ब विमानापासून सुटल्यानंतर त्याची दिशा कोणी बदलू शकतं का?

एसव्हीपी-२४ मध्ये नाही. ही गेफेस्ट नावाच्या रशियन कंपनीची सिस्टिम, सुखोई-२४एम मध्ये बसवली, पुढे टीयू-२२एम३ आणि विमानवाहू जहाजावरच्या सुखोई-३३ मध्ये पण. विमान नेमकं कुठे आहे, स्पीड किती, उंची किती, वारा कुठून, हे सगळं घेऊन कॉम्प्युटर सतत हिशोब करत राहतो की आत्ता बॉम्ब सोडला तर तो कुठे पडेल, आणि ते उत्तर टार्गेटशी जुळलं की बॉम्ब आपोआप सुटतो. पायलटचं काम विमान सांगितलेल्या लाइनवर ठेवायचं. पण सुटला की सुटला. ५ किलोमीटरवरून आडव्या उडणाऱ्या विमानाने बॉम्ब टाकला तर खाली पोचायला साधारण ३२ सेकंद लागतात, हवेचा रोध सोडून दिला तर, आणि त्या ३२ सेकंदात मधल्या थरातला वारा बदलला, शेपटीचं पातं जरा वाकडं असलं, तर झालेली चूक सुधारायला कोणी नाही. जितकं वरून टाकाल तितकी चूक वाढणार. म्हणून "एसव्हीपीमुळे साधा बॉम्ब गाइडेड बॉम्बइतकाच अचूक" हे जे रशियन चॅनलवर ऐकवायचे ते मला कधीच पटलं नाही. साध्या बॉम्बच्या मानाने उत्तम, एवढंच म्हणा.

आणि दुसरं, जे लोक हमखास विसरतात: ताशी ९०० च्या स्पीडने त्या ३२ सेकंदात बॉम्ब फार तर ८ किलोमीटर पुढे जातो. म्हणजे विमानाला जवळजवळ टार्गेटच्या डोक्यावर जावं लागतं. सप्टेंबर २०१५ नंतर सिरियात हे चाललं कारण समोरच्यांकडे खांद्यावरून डागायची मिसाइलं होती, ४-५ किलोमीटरच्या वर गेलं की त्यांचा धोका संपला, मोठी एअर डिफेन्स नव्हतीच.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कारगिल. टायगर हिलचा लेसर बॉम्ब सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच्या आठवडाभर आधी, १७ जून १९९९ ला मुंथो धालोचा सप्लाय कॅम्प मिराजनी साध्या बॉम्बांनी उडवला, विमानातल्या कॉम्प्युटरच्या हिशोबावर. एसव्हीपी त्याच शाळेतली. अमेरिकन ए-७ विमान तर हे व्हिएतनामच्या काळात करत होतं, त्यामुळे "जगात पहिल्यांदाच" वगैरे पण नको.

यूएमपीके बरोब्बर उलटं आहे. त्याचे फोटो जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आले. त्याच फॅबच्या पाठीवर एक पेटी बांधायची, त्यात दुमडलेले पंख आणि नेव्हिगेशन, मागे हलणारी पाती. टार्गेटचे कोऑर्डिनेट्स आधीच भरलेले. सुटला की पंख उघडतात आणि तो घरंगळत, स्वतःला सारखा सुधारत ४०-६० किलोमीटर जातो, तोवर सुखोई-३४ वळून घराकडे निघालेलं असतं. (हे आकडे उंचावरून आणि वेगात सोडला तरच, खालून सोडला तर विसरा.)

लोक म्हणतात हे अचूकतेसाठी बनवलं. माझ्या मते अचूकता बोनस होती, खरं विकत घेतलं ते अंतर. मार्च २०२२ मध्ये चेर्निहिव्हवर साधे बॉम्ब टाकायला गेलेलं सुखोई-३४ पडलं ते आठवा. वर राहिलं तर एस-३०० आणि बुक ही युक्रेनची मोठी विमानविरोधी मिसाइलं, खाली आलं तर खांद्यावरची मिसाइलं, आणि टार्गेटवर जाणं तर भाग. तिथे एसव्हीपीसारखा कितीही हुशार हिशोब असता तरी काय उपयोग, हिशोब करायला विमान शिल्लक पाहिजे ना. यूएमपीके आल्यावर विमानाने टार्गेटजवळ जायची गरजच संपली. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते: बॉम्ब एकटा उडत असताना युक्रेनचं जॅमिंग त्याचं ग्लोनास बिघडवतं आणि तो भरकटतो, म्हणून जॅमिंगला न जुमानणारा कोमेटा अँटेना लावावा लागला. आणि पंख उघडलेच नाहीत तर तो रशियाच्याच लोकांच्या डोक्यावर, कारण सोडला रशियाच्याच हद्दीतून. पुढे फॅब-१५०० आणि जून २०२४ मध्ये फॅब-३००० ला पण पंख लावले, नेम थोडा चुकला तरी चालेल असा हा प्रकार, आणि खार्किव्हसारख्या सीमेपासून ३० किलोमीटरवरच्या शहरात त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. इंजिनियरिंग म्हणून मला एसव्हीपी जास्त आवडते, पण युद्धाचं चित्र बदललं ते या पत्र्याच्या पंखांनी.

बाकी किरकोळ. "रशियन जेडॅम" म्हणू नका, साध्या जेडॅमला (साध्या बॉम्बला लावायचं अमेरिकन गाइडेड किट) पंख नसतात, जेडॅम-ईआरला असतात, म्हणायचंच तर ते म्हणा. बालाकोटचं स्पाइस पण बॉम्बला लावायचं किटच, म्हणजे यूएमपीकेच्या बाजूचं. कॅब-५००एस हा फॅक्टरीतूनच गाइडेड म्हणून निघणारा वेगळा बॉम्ब, सिरियात तोही वापरला, पण युक्रेनच्या हवाई इशाऱ्यात सगळ्याच गाइडेड बॉम्बना सरसकट कॅब म्हणतात, त्यावरून वाद घालत बसू नका.

फोटोत ओळखायचं असेल तर बॉम्बच्या पाठीवर पंखांची घडी दिसली की यूएमपीके. एसव्हीपी-२४ बॉम्बवर दिसणारच नाही, ती विमानाच्या पोटात असते, त्यामुळे साध्या फॅबभोवती लाल गोल काढून "ही बघा एसव्हीपी" लिहिणाऱ्या चॅनलला सरळ अनसबस्क्राइब करा.