समुद्री गवत आपोआप परत येतं? दरवेळी नाही

"गवतच ते, वादळात उपटलं तरी पुन्हा उगवेल" असं वर्षानुवर्षं फिरतंय, पण ते अर्धवटच खरंय. बारक्या पानांचं हॅलोफिला जातीचं समुद्री गवत पटकन पसरतं, पण भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया जातीचं आडवं खोड वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकतं, म्हणजे बोटीच्या नांगरानं खड्डा पाडला की बसा वाट बघत. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांत १९३० च्या दशकात आधी रोग आला, मग १९३३ चं चक्रीवादळ, गवत साफ! नंतर कित्येक दशकं काही उगवेना, कारण बिया यायला जवळ कुरणच उरलं नव्हतं. शेवटी माणसांनी ७ कोटींहून जास्त बिया टाकल्या तेव्हा कुठे हजारो एकर कुरण उभं राहिलं. दाट कुरण लाटा मंदावतं, गाळ खाली बसवतं, पाणी नितळ राहून पानांना ऊन मिळतं आणि पुढचा धक्का बऱ्यापैकी झेपतो, विरळ असेल तर मात्र अवघडय.