गोलाची त्रिज्या, पृष्ठफळ आणि घनफळ

गोलाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू मध्यबिंदूपासून सारख्याच अंतरावर असतो. या अंतराला त्रिज्या म्हणतात. इष्टिकाचितीला तीन मापे लागतात, शंकूला दोन. गोलाचे सगळे एका त्रिज्येवर निभते. पृष्ठफळ = ४ × पाय × त्रिज्येचा वर्ग; घनफळ = ४/३ × पाय × त्रिज्येचा घन. पायची किंमत सुमारे ३.१४१६.

दहावीला ही सूत्रे पाठ होतात, पण वर्ग आणि घन यांतला फरक चेंडू हातात घेतल्यावरच नीट कळतो. मध्यबिंदू आत असल्याने त्रिज्या थेट मोजता येत नाही. चेंडूच्या पोटाभोवती दोरा गुंडाळून घेर घ्यायचा आणि त्याला ६.२८ ने, म्हणजे पायच्या दुपटीने, भागायचे. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू घेराला साधारण २२.६ सेंमी भरतो, मोठ्यांचा फुटबॉल ६९ सेंमी. म्हणजे त्रिज्या ३.६ आणि ११ सेंमी, तिपटीला जरा जास्त. फुटबॉलचा पृष्ठभाग मात्र नऊपटीहून थोडा अधिक निघतो आणि घनफळ सुमारे २८ पट. नुसत्या नजरेने हा अंदाज कुणाचाच बरोबर येत नाही. लाडवाचेही तसेच: त्रिज्या दुप्पट केली की मिश्रण आठ लाडवांचे लागते, पण वरून लावायचा खोबऱ्याचा कीस चौपटच पुरतो.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाने सिद्ध केले, की गोलाला घट्ट बसेल अशी वृत्तचिती घेतली तर गोलाचे घनफळ तिच्या दोन तृतीयांश असते आणि पृष्ठफळही (तळ व झाकण धरून) दोन तृतीयांशच. ही आकृती त्याच्या थडग्यावर कोरलेली होती.

भारतात ही वाट सरळ नव्हती. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये घनफळासाठी मधल्या वर्तुळाचे (गोल मध्यबिंदूतून कापल्यावर दिसणाऱ्या) क्षेत्रफळ गुणिले त्याचेच वर्गमूळ असा नियम दिला. उत्तर जवळजवळ ३३ टक्के जास्त येते. लल्ल या ज्योतिषी-गणितज्ञाने तर पृष्ठफळासाठी याच वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले. क्षेत्रफळाला लांबीने गुणल्यावर जे येते ते पृष्ठफळ असूच शकत नाही, पण मोठ्या नावाचा ग्रंथ कोण तपासणार? भास्कराचार्यांनी तपासला आणि खोडून काढला. त्यांच्या ‘लीलावती’त (११५०) वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ, हा नियम एका उपमेसह येतो: ‘कन्दुकस्येव जालम्’, चेंडूभोवतीच्या जाळ्यासारखे. या पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ मिळते. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे नोंदले आहे.

सहानेच का भागायचे, याची भास्कराचार्यांची उपपत्ती आजही वर्गात सांगण्याजोगी आहे. गोलाचा पृष्ठभाग इवल्या चौकोनी तुकड्यांत विभागायचा. प्रत्येक तुकडा हा एका सुईचा, म्हणजे निमुळत्या पिरॅमिडचा तळ, टोक थेट मध्यबिंदूत. सुईचे घनफळ म्हणजे तळ गुणिले उंचीचा एक तृतीयांश, आणि इथे प्रत्येकीची उंची त्रिज्येएवढी. सगळ्या सुया एकत्र केल्या की घनफळ = पृष्ठफळ × त्रिज्या ÷ ३; त्रिज्येऐवजी व्यास घेतला की तीनाचे सहा होतात. पृष्ठफळासाठी त्यांनी गोलाच्या उभ्या फाका कल्पिल्या, आवळ्यावर निसर्गतः रेघा असतात तशा.

याच सूत्रातून दिसते, की पृष्ठफळ भागिले घनफळ हे ३ ÷ त्रिज्या येते. गोल जितका लहान, तितका त्याच्या वाट्याला पृष्ठभाग जास्त. १ मिमी त्रिज्येचा पाण्याचा थेंब फोडून ०.१ मिमीचे थेंब केले तर ते हजार होतात आणि एकूण पृष्ठभाग दहापट होतो. फवारलेले पाणी चटकन वाळते ते त्यामुळे.

‘लीलावती’तल्या उदाहरणात गोलाचा व्यास ७ आहे, पृष्ठफळ १५३.९४ आणि घनफळ १७९.५९, अर्थात तिथे ती अपूर्णांकांत दिली आहेत. हे माप सेंटिमीटरमध्ये धरले तर सोललेल्या मोसंब्याचा गर डोळ्यापुढे आणता येतो. त्यावर अर्धा सेंटिमीटर साल असेल तर अख्ख्या फळाचा व्यास ८ आणि घनफळ २६८. यातले ८८ घन सेंटिमीटर, म्हणजे फळाचा तिसरा हिस्सा, सालीत जातो.