पार्श्वभूमी: सर्वांसाठी आरोग्यसेवा आणि बांबोळीचे शुल्क

१ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात रेशनकार्डाचा रंग कोणताही असला तरी प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण लागू आहे. त्याआधी १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट सगळे शुल्क बंद झाले होते. कागदावर पाहिले तर ‘सर्वांसाठी आरोग्यसेवा’ ही जुनी मागणी बऱ्याच अंशी मान्य झाली आहे. तरीही सिंधुदुर्गात आणि दक्षिण रत्नागिरीत घरातले माणूस अत्यवस्थ झाले की पहिला प्रश्न अजून तोच येतो: न्यायचे कुठे? गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात, कोल्हापूरला, मिरजेला की मुंबईला? सगळ्यांना उपचार देणे परवडेल का, या खर्चाच्या वादात हा प्रश्न नेहमी मागे पडला. तो का पडला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्याची गरज नाही. १९४३ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व या देशात सरकारी पातळीवर तेव्हा ठळकपणे मांडले गेले. दर दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे रुग्णालय, पगारी डॉक्टर आणि त्यांना खासगी प्रॅक्टिसला मनाई अशी ती दीर्घकालीन कल्पना होती. हे परवडणार नाही, असा आक्षेप घेतला गेला आणि तोच आक्षेप आजतागायत घेतला जातो. १९५२ पासून प्रत्यक्षात आले ते एका विकासगटामागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढे सपाटीवर तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असा निकष ठरला. १९७८ ची ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ ही जागतिक घोषणा आणि १९८३ चे पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण यांच्या तारखा पाठ्यपुस्तकात आहेत. कोकणच्या दृष्टीने त्यांच्याहून महत्त्वाचे काही वेगळेच होते.

कोकणाची आरोग्यव्यवस्था अनेक दशके मुंबईत होती. घरटी एक माणूस गिरणीत, गिरणगावात गावकीची खोली, आणि गावचा कुणी आजारी पडला की त्याला एसटीत घालून त्याच खोलीवर आणायचे. परळचे केईएम १९२६ साली सुरू झाले, टाटा १९४१ साली. या दोन्ही रुग्णालयांच्या आवारात मालवणीत आणि संगमेश्वरीत बोलणारे नातेवाईक कायम दिसायचे. दाखल कसे करायचे, कोणत्या वॉर्डात आपला माणूस आहे, डबा कोण देणार, हे सगळे चाकरमानी सांभाळत. गिरणी कामगाराला १९४८ च्या कायद्याने राज्य कामगार विमा होता, पण त्याचे दवाखाने शहरात. राजापुरात राहणाऱ्या त्याच्या आईवडिलांना त्याचा उपयोग काडीचा नव्हता. म्हणजे विमा आणि मोफत सार्वजनिक रुग्णालय या दोन्ही वाटा कोकणी कुटुंबाने फार आधी पाहिल्या होत्या आणि दोन्हींसाठी त्याला घाट किंवा खाडी ओलांडावी लागत होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोल्या गेल्या आणि ही घरगुती व्यवस्थाही विरत गेली. तिच्या जागी सरकारने काही उभे केले नाही. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग स्वतंत्र जिल्हा झाला. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२१-२२ चे शैक्षणिक वर्ष उजाडले. मधली चाळीस वर्षे ही या वादातली खरी किंमत आहे आणि ती कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

गावपातळीवरच्या केंद्राने काय होऊ शकते, याचा पुरावाही कोकणानेच दिला होता. लाल विंचवाच्या दंशाने रायगड-रत्नागिरीत माणसे, विशेषतः मुले, दगावत. मांत्रिकाकडे नेण्यात रात्र जाई आणि दवाखान्यात आणले तरी हृदय निकामी होऊन मृत्यू ओढवे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला आलेल्या एका तरुण डॉक्टरने रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नोंदी केल्या. १९८० च्या दशकात रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग त्याने दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांनी त्याची दखल घेतली. अट एवढीच, की गोळी वेळेत मिळाली पाहिजे आणि ती देणारा डॉक्टर केंद्रात हजर पाहिजे. त्यासाठी ना विमा योजनेतले ठरावीक उपचारांचे पॅकेज लागले, ना रेशनकार्ड.

यानंतरची धोरणे मात्र दुसऱ्या दिशेला गेली. १९९० च्या दशकात सार्वजनिक रुग्णालयांत शुल्क आकारून खर्चाचा काही भाग रुग्णांकडून वसूल करण्याचा विचार बळावला. १९९७ मध्ये राज्याने गरिबांच्या हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी जीवनदायी योजना आणली. २०१२ मध्ये ती नव्या रूपात आली. पिवळे आणि केशरी कार्ड, कुटुंबाला दीड लाख, ९७२ उपचार आणि पॅनेलवरची, म्हणजे योजनेशी जोडलेली, रुग्णालये. पहिल्या टप्प्याच्या आठ जिल्ह्यांत रायगड होता; रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. २०१७ मध्ये नाव बदलले, २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांची योजना आली आणि २०२० मध्ये दोन्ही एकत्र चालू लागल्या.

या काळात दिल्लीत एक वेगळा सल्ला दिला गेला होता. २०११ मध्ये तज्ज्ञांच्या एका उच्चस्तरीय गटाने म्हटले की सार्वत्रिक सेवा करांच्या पैशातून द्या, शुल्क काढा, विम्याच्या वाटेने जाऊ नका आणि खर्चाचा किमान ७० टक्के वाटा प्राथमिक सेवेवर टाका. सरकारी खर्च सकल उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर आणि २०२२ पर्यंत तीन टक्क्यांवर न्यावा, असेही त्यांनी सुचवले. २०१७ च्या आरोग्य धोरणाने अडीच टक्क्यांचेच लक्ष्य पुन्हा घेतले आणि मुदत २०२५ केली. अधिकृत हिशोबानुसार २०१३-१४ मध्ये हा खर्च १.१५ टक्के होता, २०२१-२२ मध्ये १.८४ टक्के झाला. त्याच काळात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ६४.२ वरून ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे, ती नाकारू नये. पण उरलेला हा वाटा कोकणात कसा भागवला जातो, तेही पाहिले पाहिजे. इथे जमीन सामाईक असते. सातबारावर तीन पिढ्यांची पंधरा-वीस नावे, त्यातली अर्धी मुंबईत, काही हयात नसलेली. अशा उताऱ्यावर बँक कर्ज देत नाही. मग दागिने जातात, नाहीतर हापूसची कलमे व्यापाऱ्याला दोन-तीन हंगामांसाठी करारावर देऊन उचल घेतली जाते. आजार पंधरवड्यात आटोपतो, बाग तीन वर्षे दुसऱ्याची होते.

पॅकेजच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. तालुक्याच्या गावी हृदयशल्यविशारद बसवता येणार नाही. जिथे सोय आहे तिथून ती सरकारने विकत घेतलेली काय वाईट? केशरी कार्डावर कोल्हापुरात अँजिओप्लास्टी होऊन परतलेली माणसे प्रत्येक वाडीत आहेत. अडचण दोन ठिकाणी येते. पॅनेलवरची मोठी रुग्णालये घाटापलीकडे आहेत आणि पावसाळ्यात करूळ किंवा आंबोली घाटात दरड आली की कार्ड खिशात राहते. दुसरे, दाखल होण्याआधीची रोजची ओपीडी, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या, तापाची तपासणी हे या योजनांच्या बाहेर. ते काम आरोग्य केंद्राचे आणि तिथे पद रिक्त.

या सगळ्याचा कस लागला तो २०१८ मध्ये, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्याच्या गोवा सीमेवर. पणजीत १८४२ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेतून पुढे आलेले वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आता बांबोळीला आहे. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या माणसाला ते ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाइतकेच, कित्येकदा त्याहून सोयीचे. महामार्गावरचा अपघात असो, अडलेली बाळंतीण असो, ‘पुढे न्या’ म्हटले की गाडी बांदा ओलांडून गोव्यात शिरायची. लहानसहान गोष्टींना म्हापशाचे आझिलो रुग्णालय होतेच. दोन्हीकडे उपचार जवळजवळ मोफत. सोयरिका सीमेपलीकडच्या, बाजार म्हापशाचा, रोजची नोकरी डिचोली-पेडण्याच्या कारखान्यांत. तिथे दवाखाना तेवढा परका कसा, हे कुणाच्या मनातही आले नव्हते.

गोव्याने २०१६ मध्ये आपल्या रहिवाशांसाठी आरोग्य विमा योजना आणली. किमान पाच वर्षांचे वास्तव्य ही तिची अट. आणि जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना सरकारी रुग्णालयांत शुल्क लागू झाले.

गोव्याची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, एकट्या सिंधुदुर्गाची साडेआठ लाख. त्यात कारवार आणि बेळगावकडून येणारे रुग्ण मिळवा. एका लहान राज्याचे मुख्य रुग्णालय शेजाऱ्यांचा एवढा भार उचलत होते आणि त्या शेजाऱ्यांची राज्य सरकारे त्यासाठी काही देत नव्हती. रुग्णालये हा राज्यसूचीतला विषय. गोव्याच्या करदात्याने विचारले की आमच्या माणसाला खाट मिळत नाही, तर ते विचारणे चूक कसे म्हणता येईल?

दोडामार्गची बाजू तितकीच सरळ होती. तिलारीचे धरण आमच्या तालुक्यात, पाणी कालव्याने गोव्यात जाते. आमची मुले तिथल्या कारखान्यांत आणि हॉटेलांत राबतात, तिथल्या दुकानांत कर भरतात. आणि निर्णयाची वेळ तरी कोणती? २०१६ पासून याच पट्ट्यात माकडताप सुरू झाला होता. गोचिडीतून पसरणारा हा रोग काजूच्या हंगामातच डोके वर काढतो, म्हणजे जानेवारी ते मे. बागेत काजू वेचायला गेलेली बाई तापाने फणफणते आणि रोगावर खास औषध नसल्याने वेळेत दाखल होणे हाच उपाय. ज्या रुग्णालयाचा अशा वेळी आधार वाटे, तिथे ऐन हंगामाच्या तोंडावर पैसे भरायची पाळी आली. त्या वर्षी दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. मागण्यांमध्ये बांबोळीचे शुल्क होते, तसेच आपल्याच तालुक्यात तज्ज्ञ डॉक्टर आणि सोयी द्या हेही होते. बातम्यांत पहिली मागणी गाजली, दुसरी मागे राहिली.

महाराष्ट्राने आपल्या योजनेतून गोव्याच्या रुग्णालयाला पैसे द्यावेत, हा मार्ग तेव्हा पुढे आला. ऐकायला रास्त, पण त्यात पॅकेजमध्ये बसणारा आजार, योग्य रंगाचे कार्ड आणि नोंदणी हे तिन्ही जुळावे लागते. पांढरे कार्ड असलेले निवृत्त शिक्षक तेव्हा त्यात नव्हते. मुंबईच्या कार्डावर नाव असलेला आणि गावी येऊन आजारी पडलेला चाकरमानी कागद कुठले दाखवणार? सार्वत्रिक सेवा सगळ्यांची म्हणायची आणि ती रहिवासाच्या दाखल्यावर थांबवायची, हा पेच त्याच वर्षी दिल्लीतही आला होता. तिथल्या एका सरकारी रुग्णालयात दिल्लीकरांना प्राधान्य देण्याचा प्रयोग उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये रद्द ठरवला.

माझे मत स्पष्ट आहे. गोव्याच्या निर्णयाने दुखावले जाणे साहजिक होते, पण बोट वळायला हवे होते मुंबईकडे. आपल्या जिल्ह्यातल्या साडेआठ लाख लोकांची गंभीर आजारांची सोय चाळीस वर्षे शेजारच्या राज्याच्या भरवशावर ठेवणे, हीच खर्चाची सगळ्यात मोठी बचत महाराष्ट्राने केली. ती बचत रुग्णांच्या गाडीभाड्यातून आणि करारावर गेलेल्या कलमांतून वसूल झाली.

कोविडने हे झाकणे अशक्य केले. २०२० च्या सुरुवातीला रत्नागिरीतले नमुने तपासायला मिरजेला जात होते, कारण जिल्ह्यात प्रयोगशाळा नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात राज्याने पांढऱ्या कार्डधारकांनाही तात्पुरते योजनेत घेतले आणि सगळ्यांना कायमचे सामावून घेण्याची चर्चा तिथून जोरात सुरू झाली. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, उपचारांची संख्या १,३५६ वर गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांचे संरक्षण दिले. म्हाताऱ्यांनी भरलेल्या कोकणातल्या घरांना हा निर्णय इतरांपेक्षा जास्त लागू पडतो.

इमारतीही अखेर उभ्या राहू लागल्या आहेत. अलिबाग आणि सिंधुदुर्गाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये २०२१-२२ मध्ये, रत्नागिरीचे २०२३-२४ मध्ये सुरू झाले, प्रत्येकी शंभर जागा. साडेपाच वर्षांचे शिक्षण झाल्यावर या डॉक्टरांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. पहिल्या तुकडीच्या नेमणुका ठरतील तेव्हा दोडामार्ग, मंडणगड, राजापूर इथली रिक्त पदे यादीत वर धरायची की नाही, हे राज्य सरकारच्या हातात आहे.